नाशिकच्या दगडांसाठी खनिज ओळखणारं ॲप कोणतं घ्यावं?

रेवा_गंगापूररोड

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीला लागून एका इमारतीचा पाया खणणं चालू आहे. काळा पाषाण फोडून जो ढीग बाहेर टाकलाय, त्यात पांढरे, जरा गुलाबी झाक असलेले चकाकते स्फटिक बसलेले तुकडे मिळताहेत. माझी मुलगी आठवीत आहे, तिला याचं जबरदस्त वेड लागलंय. मुकादमाला विचारून दोन-चार तुकडे आणते, जुन्या टूथब्रशने घासते, पुठ्ठ्याच्या खोक्यात मांडते आणि मग माझ्यामागे भुणभुण, "आई, हे काय आहे?"

फोटो काढला की नाव सांगणारं एक ॲप घेतलं. एकाच तुकड्याला त्याने गॅलरीतल्या उन्हात क्वार्ट्झ म्हटलं, रात्री ट्यूबलाइटखाली सेलेनाइट, आणि वहीच्या पांढऱ्या पानावर ठेवला तर कॅल्साइट. तिन्ही वेळा खाली खात्रीचा भलामोठा आकडा. आता पुढचे फोटो काढायचे तर वर्षाची वर्गणी भरा म्हणतंय.

तर प्रश्न असा: पैसे भरावेत असं एखादं ॲप आहे का? की दुसरा काही मार्ग आहे? मुलीला खरं नाव कळावं एवढीच इच्छा आहे. इंटरनेटवरचं कुठलंही नाव तिच्या वहीत जायला नको.

सातपूरचा_सम्या

गूगल लेन्स फुकट आहे की. पैसे कशाला भरता?

अनघा_पंचवटी

सम्या, लेन्स दिसायला मिळतंजुळतं चित्र शोधून देतं. ते चित्र कुणीतरी विकायला टाकलेल्या दगडाचं असतं आणि त्याखालचं नाव विक्रेत्याने दिलेलं असतं. फुलापानांना चालतं एकवेळ. पांढऱ्या दगडाला नाही चालत.

कोडवाला

मी चित्रं ओळखणाऱ्या प्रणालींवर काम करतो (दगडांच्या नाही, कारखान्यातल्या सुट्या भागांच्या). तीन वेळा तीन नावं का आली ते सांगतो.

अशा ॲपला हजारो फोटो दाखवून शिकवलेलं असतं. ते रंग, कडा, पोत यांचे नमुने पकडतं. तुम्ही फोटो दिलात की त्याला माहीत असलेल्या नावांपैकी सर्वांत जवळचं नाव ते काढतं. तो जो आकडा दिसतो ना, तो "माझ्या यादीतल्या नावांत हे सर्वांत जवळचं" एवढंच सांगतो. "हा दगड तोच आहे" असं तो सांगत नाही. तुमचं खनिज यादीत नसलं तरी आकडा मोठा येऊ शकतो.

दुसरं म्हणजे प्रकाश. ट्यूबलाइटखाली फोन स्वतःच पांढऱ्याचा तोल बदलतो, गुलाबी झाक जाते. दगडाची चकाकी ही तर हातात फिरवताना दिसणारी गोष्ट, स्थिर फोटोत तिचा एकच क्षण येतो. शिवाय ॲपला तुकडा सुपारीएवढा की नारळाएवढा तेही कळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, फोटोला कठीणपणा नसतो, वजन नसतं.

सगळीकडचे दगड एकाच यादीतून ओळखणाऱ्या ॲपला मी तरी वर्षाचे पैसे देणार नाही.

खडककाका

रेवाताई, आधी मुलीला शाबासकी सांगा.

माझी सगळी नोकरी धरणांच्या पायाच्या कामांवर गेली. ड्रिलिंगमधून निघालेले खडकाचे गाभे लाकडी पेट्यांत लावून ठेवायचे, त्यांची नोंद करायची, हे रोजचं काम. त्यावरून सांगतो, नाशिकला राहणाऱ्या माणसाला जगातली पाच-सहा हजार खनिजं माहीत असण्याची गरजच नाही. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून हा दख्खनचा काळा कातळ झाला. थर थंड होताना वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. नंतर खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने वाटेत विरघळवलेले घटक आणून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढवले. विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पांढऱ्या ठिपक्यांचा खडक बघा, ते ठिपके म्हणजे भरून गेलेल्या पोकळ्याच.

म्हणजे पोकळीत काय सापडणार याची यादी आधीच छोटी झाली. स्टिल्बाइट, ह्यूलॅन्डाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, मॉर्डेनाइट ही झिओलाइट कुटुंबातली. त्यांच्या संगतीला अपोफिलाइट, कॅल्साइट आणि क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी आणि तिचेच बारीक कणांचे प्रकार, कॅल्सेडनी, अकीक. नवशिक्याला सापडणारा पांढरा किंवा गुलाबीसर तुकडा बहुतेक वेळा यातलाच एक असतो.

ॲपने सेलेनाइट म्हटलं ना? सेलेनाइट म्हणजे जिप्समचा पारदर्शक प्रकार. त्यावर नखाने ओरखडा उठतो. मुलीला म्हणावं नख मारून बघ. उठला नाही तर ते नाव तिथेच खोडा.

रेवा_गंगापूररोड

नख मारलं. काही झालं नाही. सेलेनाइट खोडलं, तिने स्वतः लाल पेनाने. :)

सराफ_बाजार

आमचा पिढीजात धंदा खड्यांचा. गिऱ्हाईक हल्ली दुकानात उभं राहूनच अंगठीचा फोटो काढतं आणि "ॲप तर पुष्कराज म्हणतंय" असं सांगतं. पिवळी काच, पिवळा क्वार्ट्झ, पिवळा पुष्कराज फोटोत सारखेच. आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून प्रकाश किती वळतो ते बघतो, भिंगातून आतले दोष बघतो, काट्यावर वजन करतो. फोटोवरून खड्याचं नाव मी माझ्या वडिलांनाही सांगू दिलं नसतं.

सातपूरचा_सम्या

सराफ भाऊ, वडिलांना विचारून लिहिलंत ना हे? :)

सराफ_बाजार

विचारलं. ते म्हणाले, फोटो कशाला, दगड घेऊन ये.

सिन्नरकर

ॲपच्या नादात एक सोपी गोष्ट राहून जातेय. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत गारगोटी संग्रहालय आहे. याच दख्खनी पोकळ्यांतून निघालेले नमुने तिथे काचेमागे मांडलेत, प्रत्येकाखाली नाव. मोठ्ठे, हिरवे अपोफिलाइट, पिवळसर-गुलाबी स्टिल्बाइट, सुयांचे झुबके असलेले स्कोलेसाइट. मुलीला तिथे न्या आणि तिला निवांत बघू द्या. घाई करू नका. एकदा डोळ्याखालून गेलेला स्टिल्बाइट पुन्हा चुकत नाही. गव्हाची पेंढी मधोमध करकचून बांधावी आणि दोन्ही टोकं फुलावीत, तसा त्याचा आकार.

अनघा_पंचवटी

+१. आणि जाताना वही न्या. आम्ही गेलो तेव्हा मुलं नुसती सेल्फी काढत होती.

भूशास्त्र_एमएस्सी

कोडवाला यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण "ॲप घेऊच नका" असं म्हणणं मला पटत नाही. ॲप दोन प्रकारची असतात आणि इथे त्यांची सरमिसळ होतेय.

एक, फोटोवरून नाव सांगणारी. दुसरी, गुणधर्म विचारणारी: कठीणपणा किती, चकाकी काचेसारखी की मोत्यासारखी, तुटताना सपाट तुटतं की वेडंवाकडं, चुरा कोणत्या रंगाचा. तुम्ही एकेक उत्तर भरता तशी यादी गाळत गाळत खाली येते. हा दुसरा प्रकार कंटाळवाणा वाटतो, पण शिकवतो तोच. वर्गात आम्ही हेच हाताने करतो.

फोटोवाल्या ॲपचाही उपयोग आहे, फक्त त्याचं उत्तर निकाल म्हणून घ्यायचं नाही. त्याने तीन नावं दिली? छान, ते तीन संशयित झाले. आता हातातल्या चाचण्यांनी एकेकाला बाहेर काढा. नाव सुचवणारं काहीच नसेल तर नवशिक्याला सुरुवातच करता येत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांत बघतो.

आणि माइन्डॅट ही वेबसाइट विसरू नका. जॉलियन राल्फ यांनी 1993 मध्ये स्वतःच्या नोंदींसाठी सुरू केलेला हा संग्रह 2000 मध्ये इंटरनेटवर आला. त्यात खनिजाच्या नावाने शोधता येतं तसं गावाच्या नावानेही शोधता येतं. नाशिक टाका, इथून नोंदलेल्या खनिजांची यादी येते. फोटो ओळखणाऱ्या यंत्रापेक्षा "हा दगड कुठून उचलला" ही माहिती जास्त काम करते. म्हणून प्रत्येक तुकड्यासोबत चिठ्ठी ठेवा: जागा, तारीख, किती खोलीवर, सोबत कोणता खडक. चिठ्ठी हरवलेला सुंदर दगड आमच्या लेखी निम्मा निकामी.

कोडवाला

दुसऱ्या प्रकाराबद्दल पूर्ण मान्य. मी फोटोवाल्यांबद्दलच बोलत होतो. आणि फोटोसोबत ठिकाण विचारून त्याप्रमाणे यादी गाळणारं ॲप कुणी दख्खनसाठी केलं तर मी त्याला आनंदाने वेळ देईन.

स्फटिकप्रेमी

मला वाटतं तुम्ही सगळे फार कोरडे बोलताय. माझ्याकडे नाशिकचंच अपोफिलाइट आहे, ते खोलीत ठेवल्यापासून झोप छान लागते. ॲपने त्याचं नाव अचूक सांगितलं आणि त्याचे गुणही सांगितले.

भूशास्त्र_एमएस्सी

स्फटिकप्रेमी, झोप लागतेय याचा आनंद आहे. पण ॲपमध्ये नावाखाली जे "गुण" येतात ते खनिजशास्त्रातून आलेले नसतात, त्यांना मोजमापाचा आधार नाही. माझी हरकत याला आहे की एकाच पानावर वर रासायनिक सूत्र आणि खाली "चिंता दूर करतो" असं छापलं की आठवीतल्या मुलीला दोन्ही सारखंच खरं वाटतं.

अनघा_पंचवटी

हे महत्त्वाचं बोललात. रेवा, ॲप निवडताना हेच बघ. जे ॲप नावाखाली आधी राशी दाखवतं ते मुलीच्या हातात देऊ नकोस.

स्फटिकप्रेमी

ठीक आहे, इथे यावर वाद घालत नाही. पण अपोफिलाइट ओळखायचं कसं ते तरी सांगा, माझं खरंच तेच आहे का बघते.

खडककाका

ताई, त्याचा आडवा छेद चौकोनी असतो. उभ्या बाजूंवर बारीक उभ्या रेघा दिसतील. टोकाला सपाट माथा असेल तर तो बाजूंसारखा काचेरी चमकणार नाही, मोत्यासारखी मऊ झाक देईल, आणि तिथून त्याचे पापुद्रे सरळ निघतात. गारगोटीचं उलट: छेद षटकोनी, रेघा आडव्या, आणि सरळ फुटणं तिला माहीतच नाही. भिंग नसेल तर फोनचा कॅमेरा मॅक्रोवर ठेवून रेघा बघा. फोन या कामाला फार चांगला आहे, नाव सांगण्यापेक्षा.

स्फटिकप्रेमी

उभ्या रेघा आहेत! माथा वेगळाच चमकतो! धन्यवाद काका.

खडीवाला_सारूळ

धंद्यातला माणूस म्हणून थोडं बोलतो. मुलांचं वेड बघून आनंद वाटला, पण खाणीवर कुणी न विचारता येऊ नका. सुरुंगाची वेळ बाहेरच्याला माहीत नसते, आणि फुटलेल्या कड्याखाली उभं राहणं म्हणजे डोक्यावर मोकळे दगड घेऊन उभं राहणं. परवानगी घेतलीत तरी हेल्मेट आणि बूट पाहिजेतच. पायाच्या खोदकामावर मुकादमाला विचारून आणताय हे उत्तम, पण खड्ड्यात उतरू देऊ नका, बाहेरच्या ढिगातलंच घ्या.

आमची पोरं पोकळी लागली की ओळखतात, घणाचा आवाज बदलतो. पूर्वी हे सगळं क्रशरमध्ये जाऊन खडी व्हायचं. आता व्यापारी येऊन विचारतात.

अनघा_पंचवटी

पांडवलेणीच्या डोंगरावरून दगड उचलू नका हेही लिहून ठेवते. लेणी संरक्षित स्मारक आहेत.

सिन्नरकर

पांडवलेणीचं नाव निघालंच आहे तर, त्या भागातल्या खाणींतून पूर्वी निघालेला पॉवेलाइट जगभरचे संग्राहक ओळखतात. कॅल्शियम आणि मॉलिब्डेनमचं खनिज, पिवळं ते नारिंगी. शॉर्टवेव्ह अतिनील दिव्याखाली पिवळसर उजळतो. आपल्या गावाची ही ओळख नाशिककरांना ठाऊकच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सातपूरचा_सम्या

द्राक्षं, मिसळ, कुंभमेळा आणि पॉवेलाइट. पाटी बदलायला घ्या.

भूशास्त्र_एमएस्सी

तो दिवा मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यांना अपाय होतो. संरक्षक चष्मा हवाच.

रेवा_गंगापूररोड

खूप शिकायला मिळतंय, सगळ्यांचे आभार. आता आमच्याकडे क्वार्ट्झ आणि कॅल्साइट हे दोन संशयित उरलेत, आणि काकांच्या यादीतलं तिसरंच काही असण्याची शक्यता. घरी काय काय करता येईल?

खडककाका

सगळं घरात आहे.

पहिलं, काच. जुन्या बाटलीचा तुकडा टेबलावर ठेवा (धार नको, आणि डोळ्यांपासून लांब) आणि स्फटिकाचा कोपरा त्यावर ओढा. कठीणपणाच्या मोहस मापावर गारगोटी 7, काच साधारण 5.5. गारगोटी असेल तर काचेवर चर उठेल, बोट फिरवलं तरी पुसली जाणार नाही. पुसली गेली तर ती दगडाचीच पूड होती. नवशिके इथे फसतात, म्हणून पुसून बघायचंच.

दुसरं, व्हिनेगर. कोपऱ्यातून थोडी पूड खरवडा, वाटीत घ्या, वर व्हिनेगरचे थेंब. कॅल्साइट असेल तर बारीक बुडबुडे येतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ते जोरात फसफसतं, पण फरशी धुण्याचं ॲसिड मुलीसमोर काढू नका, व्हिनेगर पुरे. अख्खा तुकडा मात्र बुडवू नका, काही झिओलाइट आम्लात खराब होतात.

तिसरं मला सर्वांत आवडतं. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. आधी कोरड्या दगडाचं वजन लिहा. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला डबा ठेवून काटा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधा आणि तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असा हाताने धरून ठेवा. आता काटा जे ग्रॅम दाखवेल ते म्हणजे दगडाने सारलेलं पाणी, म्हणजेच त्याचं घनफळ. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, झाली घनता. कॅल्साइट 2.7, गारगोटी 2.65, अपोफिलाइट 2.3 ते 2.4, स्टिल्बाइट आणि ह्यूलॅन्डाइट 2.2 च्या आसपास.

भूशास्त्र_एमएस्सी

काकांच्या पद्धतीत दोन गोष्टी जपा. तुकड्याला काळा पाषाण चिकटलेला नको, बेसॉल्ट जड असतो, उत्तर वर जाईल. आणि दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटका, नाहीतर उत्तर खाली येईल. एक ग्रॅमच्या काट्यावर छोटा खडा मोजू नका, मोठा तुकडा घ्या.

सराफ_बाजार

लहान तुकडे असतील तर ताईंनी दुकानात आणावेत, आमच्या काट्यावर मोजून देतो. मुलीलाही आणा.

रेवा_गंगापूररोड

केलं! काल रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर प्रयोगशाळाच मांडली होती.

काचेवर ओढला: पांढरी रेघ आली, पुसली तर गेली. क्वार्ट्झ खोडलं. व्हिनेगर: बराच वेळ भिंगातून बघत बसलो, एकही बुडबुडा नाही. मग सर्वांत स्वच्छ तुकडा वजनकाट्यावर. कोरडा 66 ग्रॅम. पाण्यात धरल्यावर काटा 30. भागाकार तिने तोंडी केला, 2.2.

म्हणजे ॲपची तिन्ही नावं गेली! तुकड्याला मधे आवळलेला, दोन्हीकडे पसरलेला आकार आहे, सिन्नरकरांनी लिहिलाय अगदी तसा. सपाट बाजूवर मोत्यासारखी झाकही आहे. आम्ही वहीत "स्टिल्बाइट" लिहिलंय, बरोबर आहे ना?

सिन्नरकर

शंभर टक्के शोभणारं नाव! अभिनंदन!

भूशास्त्र_एमएस्सी

आकार, घनता, झाक तिन्ही जुळताहेत, तर स्टिल्बाइट लिहा. त्यात एक भर घाला: स्टिल्बाइट हे आता दोन खनिजांचं सामाईक नाव धरतात, एकात कॅल्शियम जास्त, दुसऱ्यात सोडियम. ते वेगळं करायला प्रयोगशाळेतलं रासायनिक विश्लेषण लागतं. म्हणून वहीत "स्टिल्बाइट, प्रकार तपासलेला नाही" असं लिहिलं तर कुठलाही संग्रहालयवाला तिच्या नोंदीला मान देईल. सोबत कोणत्या चाचण्या केल्या तेही लिहा.

कोडवाला

एक आकडा चुकला तर काय होतं तेही तिला करून बघायला सांगा. पाण्यातलं वजन 29 धरलं तर घनता 2.28, 31 धरलं तर 2.13. दोन्हीकडून कॅल्साइटच्या 2.7 पर्यंत पोचत नाही, म्हणजे तुमचा साधा काटाही या निर्णयाला पुरेसा आहे. पण अपोफिलाइट तेवढ्याशा फरकात जवळ येतं, तिथे आकाराचा आधार घ्यावाच लागेल.

सातपूरचा_सम्या

मग शेवटी ॲप कोणतं ठरलं? मूळ प्रश्न तो होता.

रेवा_गंगापूररोड

ठरलं. वर्गणी भरत नाही. गुणधर्म विचारणारं एक साधं फुकट ॲप ठेवलंय, माइन्डॅटचं नाशिकचं पान फोनवर वरच ठेवलंय, आणि जो पैसा वर्गणीला जाणार होता त्यातून तिला दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतेय. फोटोवालं ॲपही काढून टाकलेलं नाही, तीन संशयित हवे असले की तिला ते वापरायचंय.

आणि आता नवीन प्रश्न. एका तुकड्यात स्फटिकांच्या खाली, पोकळीच्या भिंतीला मातकट निळसर-हिरवा थर आहे. ॲप मॅलाकाइट म्हणतंय.

खडककाका

बेसॉल्टच्या पोकळीच्या भिंतीवरचा असा मातकट हिरवा थर बहुधा सेलाडोनाइटचा असतो. मॅलाकाइट तांब्याचं खनिज आहे, ते व्हिनेगरला बुडबुडे देतं आणि नखाला दाद देत नाही. सेलाडोनाइट मऊ, नखाने खरवडलं जातं. आधी नख, मग थेंबभर व्हिनेगर. काय होतं ते उद्या इथेच लिहा.